जोडालगतची बोटभर जागा

रशीदभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुलरमध्ये पाणी ओतत होतो. फोन शबानाचा, त्यांच्या थोरल्या मुलीचा. "सर, अब्बा गेले. पहाटेच्या नमाजनंतर," एवढंच बोलून ती थांबली. मी कधी, कसं, कोण कोण आलंय, असलं काहीबाही विचारत राहिलो. फोन ठेवला तेव्हा बादली हातात तशीच होती आणि पाणी पायावर सांडत होतं. अशा लेखांत पुढे लिहायची पद्धत असते, की पायाखालची वाळू सरकली, डोळ्यांपुढे अंधारी आली. माझं तसलं काही झालं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. आता सांगायला नको, हा पहिला विचार माझ्या मनात आला. दुःख दुपारी आलं, जेवायला बसल्यावर, आणि ते अजून गेलेलं नाही. पण पहिला विचार तो होता, आणि दीड महिना झाला तरी तो मला माझ्याच घरात स्वस्थ बसू देत नाही. म्हणून हे लिहायला घेतलंय.

त्याच्या चारच दिवस आधी मी त्यांना भेटून आलो होतो. सोलापुरातल्या भवानी पेठेतलं त्यांचं घर, वर पत्रा, बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि रशीदभाई दोन चादरी पांघरून पडलेले. चाळीस वर्षं वेल्डिंगच्या ज्या धुरात काम केलं त्यानं छाती पोखरली होती. "सर, पंखा बारीक करा की. थंडी वाजायलीय," म्हणाले. मी पंखा बारीक केला. मी ठरवून गेलो होतो. रिक्षात वाक्यं पाठ केली होती. "रशीदभाई, तो बर्फाच्या कारखान्यातला सांगाडा…" एवढं म्हणालो मात्र, त्यांनी डोळे मिटून घेतले. "त्यो सपनात येतो सर. अजून येतो. साचे वर चाललेत, मल्लप्पा खाली उभा हाय, त्याला हाक मारायची हाय, आन् आवाज निघत न्हाय. पर तुटत न्हाय बगा कदी. तुटायच्या आदी मी उठतो." मग थोडा दम घेऊन म्हणाले, "सतरा वर्सं झाली. एकदाचा तुटला असता सपनात, तर बरं झालं असतं…" मी पाणी हवं का म्हणून विचारलं. पाणी दिलं. आणि पाठ केलेली वाक्यं घेऊन तसाच परत आलो.

आमची ओळख एका मोडक्या टेबलामुळे झाली. मी इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात धातूंची परीक्षा कशी घ्यायची ते शिकवायचो. प्रयोगशाळेतल्या एका लोखंडी टेबलाचा पाय निखळला, तेव्हा शिपाई भवानी पेठेतून एका वेल्डरला घेऊन आला. ते रशीदभाई. पाय पाच मिनिटांत जोडून झाला, पण गडी जायला तयार होईना. आमच्याकडे एक मशीन होतं. एका मोठ्या लंबकाला जड हातोडा लावलेला. खाली लोखंडाचा बोटाएवढा तुकडा ठेवायचा, त्याला मधोमध एक खाच पाडलेली. हातोडा वरून सोडला की तो तुकडा तोडून पलीकडे जातो. लोखंड चिवट असेल तर हातोड्याचा जीव तुकड्यातच निघतो आणि पलीकडे तो जेमतेम चढतो. लोखंड ठिसूळ असेल तर जणू मध्ये काही नव्हतंच, असा वर निघून जातो. रशीदभाई ते बघत उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, "सर, माझा जोड ठेवून बगता का याच्यात?" त्या दिवसापासून दर महिन्या-दोन महिन्यांनी ते आपल्या जोडाचे तुकडे पिशवीत घालून यायचे, लोक ज्योतिषाकडे पत्रिका घेऊन जातात तसे. आकडा चांगला आला की लहान मुलासारखे हसायचे. कुणी "जरा वेल्डिंग मारून द्या" म्हटलं की चिडायचे. "मारायला काय हाय त्यात? मारून-मोडून झाल्यावरच मानसं माज्याकडं येत्यात की," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

लोखंडाबद्दलचं त्यांचं सगळं शिक्षण वडिलांकडून झालेलं. त्यांचे वडील बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचे. त्यांचा एक नियम होता: लोखंडाला लाल केल्याशिवाय वळवायचं नाही. रशीदभाई साधी खिडकीची सळईसुद्धा भट्टीत लाल करून वाकवायचे. शेजारचे वेल्डर हसायचे, आणि कबूल करतो, मीही हसायचो. मी त्यांना पुस्तक काढून दाखवलं होतं, की हे मऊ पोलाद आहे, थंडच वाकवलं तरी त्याला काही होत नाही, कशाला कोळसा आणि वेळ घालवता. "अब्बा असंच बोलायचे सर," एवढंच म्हणायचे ते. वाद घालायचे नाहीत. मी शिकलेला, ते चौथी पास. माझ्या आवाजात तो फरक नक्कीच असणार. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच.

पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात त्यांच्याकडे एका बर्फाच्या कारखान्याचं काम आलं. कारखान्यात मिठाच्या पाण्याची मोठी टाकी असते. ते पाणी बर्फापेक्षाही गार, पण गोठत नाही. त्यात पाण्यानं भरलेले पत्र्याचे साचे एका लोखंडी सांगाड्यात रांगेनं अडकवून बुडवून ठेवतात, आणि बर्फ झाला की सांगाड्यासकट अख्खी रांग साखळीनं वर ओढतात. तो सांगाडा रशीदभाईंनी करायचा होता. शेठला घाई होती. सोलापूरचा उन्हाळा काही कुणासाठी थांबत नाही. सांगाड्याच्या कोपऱ्यांत जाड पट्ट्या काटकोनात वळवायच्या होत्या आणि वळणाला लागूनच जोड द्यायचा होता. रशीदभाई मुद्दाम कॉलेजवर आले. "सर, पट्टी जाड हाय. भट्टीत घालायची म्हटली तर चार दिवस जातील. थंड वळवू का? तुमी म्हणत असाल तर वळवतो." मी म्हणालो, वळवा की खुशाल. शिवाय ते जोडाचा नमुना करून घेऊन आले, तोही मी त्याच दुपारी मशीनवर तोडला. हातोडा पलीकडे चढलाच नाही. आकडा इतका सुंदर, की मी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "याच्यावर हत्ती टांगा."

आता सांगतो मी काय तपासलं होतं ते. नमुना सरळ पट्टीचा होता, वाकवलेल्या पट्टीचा नव्हता. तो ताजा होता, दोन दिवसांपूर्वी केलेला. आणि आमची प्रयोगशाळा पत्र्याच्या शेडमध्ये, मे महिना, पारा चाळिशीच्या पुढे. ज्या लोखंडाला जन्मभर मिठाच्या गार पाण्यात बुडायचं होतं, त्याची परीक्षा मी भट्टीसारख्या खोलीत घेतली. पोलादाचा चिवटपणा थंडीत कमी होतो, हे मी दरवर्षी पोरांना फळ्यावर आलेख काढून शिकवत होतो. पेपरात त्यावर प्रश्न काढत होतो. पण सोलापुरात राहून थंडी कुणाच्या लक्षात येते? मला तर नाहीच आली. अर्धा किलो बर्फात मीठ घालून त्यात तो तुकडा दहा मिनिटं ठेवला असता तरी पुरलं असतं, आणि काम तर बर्फाच्या कारखान्याचंच होतं.

मल्लप्पा त्या कारखान्यात साचे काढायच्या कामावर होते. मूळचे अक्कलकोटकडचे, घरी कानडी. रशीदभाईंच्या दुकानामागच्या गल्लीतच त्यांचं घर. दोघांची गट्टी अशी, की मल्लप्पांच्या घरच्या कडक भाकरी रशीदभाईंच्या दुकानात डब्यात भरलेल्या असायच्या आणि ईदचा शीरखुर्मा पहिल्यांदा मल्लप्पांकडे जायचा. संध्याकाळी दोघं दुकानाच्या फळीवर बसून चहा प्यायचे. मी गेलो की मलाही त्यात ओढायचे. मल्लप्पा सांगायचे, "सर, कारखान्यात समद्यास्नी सांगतो मी, ह्यो सांगाडा माज्या दोस्ताचा हाय, डोळं झाकून खाली हुबं ऱ्हावा."

आठव्या वर्षी, डिसेंबरातल्या एका सकाळी, साच्यांची रांग वर येत असताना सांगाड्याचा कोपरा तुटला. साखळीला नेहमीचा हिसका बसला होता, वजन रोजचंच होतं. लोखंड वाकलं नाही, करकरलं नाही. मल्लप्पांना बाजूला व्हायला वेळच मिळाला नाही. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. "रशीदचा जोड तुटला," हे दुपारपर्यंत पेठभर झालं होतं.

तुटलेला कोपरा शेठनं माझ्याकडे पाठवला. मी तो हातात घेतला आणि खिडकीशी नेला. जोड शाबूत होता. तुटलं होतं ते जोडालगतच्या बोटभर जागेत, जिथे पट्टी थंड वाकवली होती. चिवट लोखंड तुटतं तेव्हा त्याचं तोंड मळकट, ताणल्यासारखं दिसतं. हे तोंड सपाट होतं आणि त्यातले दाणे साखरेसारखे चमकत होते. मी कपाट उघडलं. त्या पट्टीचा उरलेला तुकडा माझ्याकडे होता. तो थंड वाकवला, थोडा वेळ गरम करून ठेवला, कारण लोखंडाला आठ वर्षांत येणारं म्हातारपण तसं केलं की काही तासांत येतं, आणि मग बर्फ-मिठात बुडवून मशीनवर ठेवला. हातोडा सुटला. चिवट तुकडा तुटताना धप्प आवाज येतो. हा 'टिण्' वाजला, बारीक, एखादी काचेची बांगडी फुटावी तसा, आणि हातोडा पलीकडे सरळ वर गेला… तो आवाज मी नंतर कुठे कुठे ऐकला आहे. बायकोच्या हातून कपबशी फुटली तेव्हा. देवळातल्या घंटेत. दीड महिन्यापूर्वी शबानाचा फोन ठेवल्यावर.

थंड वाकवताना लोखंड वळणावर आतल्या आत ताणलं जातं. त्याला शेजारच्या वेल्डिंगची धग लागते आणि मग वर्षानुवर्षं ते आतून कडक होत जातं. वरून काही दिसत नाही. उबेत ते निभावून नेतं, गारठ्यात एका हिसक्याला जातं. हे सगळं मला त्या दुपारी कळलं होतं आणि मी शेठला एका ओळीचं पत्र लिहिलं: सांगाडा जोडापाशी तुटला आहे. ते खोटं नव्हतं. थंड वाकवायला कुणी सांगितलं ते मी लिहिलं नाही, परीक्षा कशी घेतली ते लिहिलं नाही. त्या वर्षी मला विभागप्रमुख करायचं चाललं होतं. कारण एवढंच होतं, त्याला मोठं करून सांगण्यात अर्थ नाही.

आठ दिवसांनी रशीदभाई आले. या वेळी हातात पिशवी नव्हती. दारातच उभे राहिले. "सर, तुमी बगितलं म्हणे. माझा जोड कच्चा हुता का?" मी टेबलावरचे कागद नीट करत म्हणालो, "लोखंडाचं काही सांगता येत नाही, रशीदभाई. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." ते मान हलवून निघून गेले. त्यांनी उचलायचं-टांगायचं कुठलंही काम नंतर कधी घेतलं नाही. गेट, ग्रिल, तुळशीवृंदावनाला जाळी, असलीच कामं. आणि थंड तर काहीच वळवलं नाही. भट्टी पुन्हा पेटली.

मी त्यांच्याकडे जात राहिलो. चोराच्या मनात चांदणं असतं, तरी चोर जातो. एकदा मी बसलो असताना ते सळई लाल करून वळवत होते, माझ्याकडे पाठ करून. म्हणाले, "अब्बांचंच खरं हुतं सर. मल्लप्पाच्या घरची भाकरी बगा. तव्यावरनं काढली की घडी घाला, गुंडाळी करा. चार दिस ऱ्हाऊ द्या, मग वळवायला जावा… मोडतीच." मी चहाचा कप खाली ठेवला. त्यांना ठाऊक होतं का? मला ते विचारायचा धीर झाला नाही, आणि ते वळूनही बघेनात. सळई पाण्यात घातली, वाफ आली, आणि त्यांनी दुसराच विषय काढला. हा प्रश्न आता कायमचा माझ्याकडे राहिला. कधी वाटतं, त्यांना सगळं कळलं होतं आणि त्यांनी मला जाऊ दिलं. कधी वाटतं, बिचारे नुसते भाकरीबद्दल बोलत होते. यातलं जास्त वाईट कुठलं, हे मला ठरवता येत नाही.

चाळिसाव्याला मी त्यांच्या घरी गेलो. जेवणं झाल्यावर शबाना मला बाजूला घेऊन म्हणाली, "सर, एक गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे का? अब्बा सतरा वर्षं मल्लप्पाचाचांच्या गल्लीतून गेले नाहीत. मशीद त्या बाजूला, तरी चौकातून वळसा घालून जायचे. जनाजापण तिथून नेऊ नका, असं आम्हाला सांगून ठेवलं होतं." मी म्हणालो, तोंड दाखवायला लाज वाटत असेल. ती म्हणाली, "ते होतंच. पण जनाजाचं वेगळं. म्हणाले, जनाजा गेला की माणसं उठून उभी राहतात. मल्लप्पाला उठायला त्रास होतो, त्याला उगीच उठायला लावू नका."

त्या संध्याकाळी मी तिथून घरी जाऊ शकलो नाही. मल्लप्पांच्या गल्लीत गेलो. ते उंबऱ्याशी खुर्चीत बसले होते, कुबडी भिंतीला लावलेली. "या सर, या. लई दिसांनी. बसा की." मी पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. मे महिना, थंड वाकवलेली पट्टी, मशीन, पत्र. सतरा वर्षांची वाक्यं, पाठ केलेल्या क्रमानं एकही आलं नाही. मल्लप्पा ऐकत होते. मध्ये एकदा लुंगीचं टोक गुडघ्याखाली ओढून घेतलं.

"म्हंजे त्याचा जोड चांगला हुता?"

"चांगला होता. अजून शाबूत असेल."

"हे त्याला सांगितलं हुतं का तुमी?"

"नाही."

"एकदा बी?"

"नाही, मल्लप्पा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं शिव्या देतील, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "मग आता मला कशाला सांगतायसा?" असं ते म्हणाले, अगदी हळू. समोरच्या घरात कुणीतरी नळाखाली हंडा लावला, तो भरेपर्यंत आम्ही दोघं त्याचा आवाज ऐकत बसलो.

मग तेच बोलले, पण माझ्याशी नाही, गल्लीशी बोलावं तसे. "मी म्हणायचो, ह्येला माजी लाज वाटती. पाय गेला माजा, आन् ह्यो गल्ली बदलून जातोय. एकदा यायचं, बसायचं. मी काय खाल्ला असता त्याला? जनाजा सुदिक हितनं आणला न्हाय. चौकातनं गेला. मला लोकांकडनं कळलं." तेव्हा मी त्यांना शबानानं सांगितलेलं सांगितलं. उठायला त्रास होईल म्हणून.

मल्लप्पांनी हात लांब केला आणि दाराशेजारी भिंतीला बसवलेला लोखंडी नळीचा कठडा धरला. उठायला लागले. मी पुढे झालो, तर मानेनंच नको म्हणाले. मी पहिल्यांदाच तो कठडा नीट बघितला. वळण गोल, एकसारखं, कुठे चेपलेलं नाही, म्हणजे लाल करून दिलेलं. आणि जोड. जोडाच्या शेवटी वेल्डर हात उचलतो तिथे एक बारीक खड्डा राहतो. रशीदभाई तो कधी राहू द्यायचे नाहीत. बोटभर मागं येऊन तो भरायचे आणि मगच हात उचलायचे. मी त्यांचे शेकडो तुकडे तपासलेत, ती खूण मला रंगाखालीही ओळखू येते. मी विचारलं, "हा कठडा कुणी बसवला, मल्लप्पा?" "मी दवाखान्यातनं आलो तवा हुताच की. शेटनं बसीवला आसंल." ते कठड्याच्या आधारानं पुरते उभे राहिले होते.

सतरा वर्षांच्या सवयीनं मी गप्पच बसणार होतो. मग म्हणालो, "शेठनं नाही. हा रशीदभाईंच्या हातचा आहे."

मल्लप्पांनी कठड्यावरचा हात चटकन काढला. तसे ते डगमगले आणि मग परत धरला, या वेळी दोन्ही हातांनी. रशीदभाईंचा जनाजा जिथून गेला नव्हता त्या गल्लीकडे तोंड करून ते म्हणाले, "उठलो असतो की मी."

बराच वेळ ते खाली बसले नाहीत.